भूसुरुंग व युद्धावशेष : निर्मूलनाची जबाबदारी

लढाई थांबल्यावर जमिनीत राहिलेले सुरुंग, न फुटलेले तोफगोळे व बाँब आणि टाकून दिलेला दारूगोळा शोधून नष्ट करण्याचे काम, तसेच ते कोणी करावे यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम. युद्ध चालू असताना रणगाड्यांपुरती वाट मोकळी करणे आणि युद्धानंतरचे निर्मूलन ही दोन कामे लष्करी अभियांत्रिकीत वेगळी मानतात. पहिल्यात वेळ महत्त्वाचा असतो व काही धोका पत्करला जातो. दुसऱ्यात ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या खोलीपर्यंत एकही सुरुंग मागे राहू नये अशी अपेक्षा असते.

नियमांची वाटचाल : सागरी सुरुंगांविषयीच्या १९०७ च्या हेग कराराने, युद्ध संपताच प्रत्येक राष्ट्राने आपण पेरलेले सुरुंग काढण्याची पराकाष्ठा करावी, असे सांगितले. जमिनीवरील सुरुंगांना असा नियम बरीच वर्षे नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील सुरुंग काढण्यास जर्मन युद्धकैदी लावण्यात आले. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारातील ५२ व्या कलमाने सुरुंग काढणे हे धोक्याचे काम ठरवले; कैदी स्वेच्छेने तयार असल्याशिवाय ते त्याला देता येत नाही. ईजिप्तमधील एल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश, जर्मन व इटालियन सैन्यांनी पेरलेल्या सुरुंगांची जबाबदारी पेरणाऱ्यांनीच घ्यावी, असा ईजिप्तचा आग्रह आहे. त्या सुरुंगांच्या संख्येबाबत मतभेद आहेत.

विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या १९८० च्या कराराचा दुसरा प्रोटोकॉल १९९६ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार पेरलेल्या सुरुंगांची जबाबदारी पेरणाऱ्या पक्षावर असून सुरुंगक्षेत्रांचे नकाशे व नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. पाचवा प्रोटोकॉल (२००३, अंमल २००६) सुरुंग वगळून इतर स्फोटक अवशेषांना लागू होतो. त्यात सफाईचा भार प्रदेश ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकला असून, शस्त्रे वापरणाऱ्याने शक्य तेथे साहाय्य द्यावे असे म्हटले आहे. प्रोटोकॉल अमलात येण्यापूर्वीच्या अवशेषांबाबत तरतुदी सौम्य आहेत. ओटावा करार (१९९७, अंमल १९९९) व्यक्तिविरोधी सुरुंगांवर पूर्ण बंदी घालतो आणि आपल्या ताब्यातील जमीन दहा वर्षांत साफ करण्याचे बंधन सदस्यराष्ट्रांवर टाकतो, मुदतवाढ मागता येते. २०२५ मध्ये बाल्टिक राष्ट्रे, फिनलंड व पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

बाँबे सॅपर्स : खडकी (पुणे) येथे केंद्र असलेल्या भारतीय लष्कराच्या या अभियंता दलाच्या इतिहासात सुरुंग काढण्याच्या दोन कामगिऱ्या विशेष नोंदल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियाच्या (इथिओपिया) सीमेवरील मेतेम्मा भागात सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सुमारे ५५ मैलांच्या वाटेवर १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

दुसरी कामगिरी रामा राघोबा राणे (१९१८–९४) यांची. ते मूळचे कारवार भागातील चेंडिया गावचे. १९४० मध्ये ते दलात दाखल झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले व डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. काश्मीरमधील युद्धात एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या ४ डोगरा पलटणीबरोबर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची त्यांची तुकडी होती. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांच्या माऱ्यात तिचे दोन जवान ठार झाले, राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. जखमी अवस्थेतच त्यांनी ११ एप्रिलपर्यंत सुरुंग, तोडून आडवी टाकलेली झाडे व उडवलेले रस्ते यांतून चिंगसपर्यंत रणगाड्यांना वाट करून दिली. सरकत्या रणगाड्याखाली सरपटत जाऊन ते दोरीने चालकाला इशारे देत, असे सांगितले जाते. १९५० मध्ये त्यांना परमवीरचक्र जाहीर झाले. १९६८ मध्ये ते मेजर पदावरून निवृत्त झाले. पेरणाऱ्याचा नकाशा हाती नसताना केलेले हे काम वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारातले होय.

भारताची भूमिका : भारत ओटावा कराराचा सदस्य नाही, त्याच्या परिषदांना तो निरीक्षक म्हणून हजर राहतो. दीर्घ भूसीमेच्या संरक्षणासाठी सुरुंगांना परिणामकारक पर्याय हवा, अशी त्याची भूमिका आहे. सुधारित दुसरा प्रोटोकॉल भारताने १९९९ मध्ये व पाचवा २००५ मध्ये स्वीकारला. ऑपरेशन पराक्रम या लष्करी जमवाजमवीत (२००१–०२) पाकिस्तान सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरण्यात आले. ‘लँडमाइन मॉनिटर’ या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज सुमारे २० लाखांचा आहे. पेरलेले सुरुंग नंतर लष्करानेच काढले. येथे नकाशे उपलब्ध होते. मात्र वाळू सरकली किंवा पूर आला की सुरुंग नोंदलेल्या जागी राहत नाहीत आणि नकाशाबाहेरची जमीनही तपासावी लागते. त्यामुळे निर्मूलनाचे काम पेरणीच्या कामाहून कितीतरी पट लांबते.

श्रीलंका : २००९ मध्ये यादवी संपल्यावर उत्तर भागात भारताच्या खर्चाने ‘सर्वत्र’ व ‘होरायझन’ या भारतीय संस्थांच्या पथकांनी निर्मूलनाचे काम केले.

महाराष्ट्र : राज्यात युद्धकालीन सुरुंगक्षेत्र नाही, मात्र सुरुंगांशी संबंधित इतर घटना घडल्या आहेत. पुलगाव (जि. वर्धा) येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागून दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जण मृत्युमुखी पडले, तेथील सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत असल्याचे नंतर सांगण्यात आले. गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेडा येथे १ मे २०१९ रोजी माओवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात १५ पोलीस व एक वाहनचालक मरण पावले. सुधारित दुसरा प्रोटोकॉल अंतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू आहे; तो माओवाद्यांबरोबरच्या संघर्षाला लागू होतो काय, याविषयी एकमत नाही.

भरपाई : सुरुंग पेरणाऱ्या राष्ट्राने बाधित नागरिकांना भरपाई द्यावी, असे बंधन वरीलपैकी कोणत्याही करारात नाही.