२००१ सालचा परवाना आणि माझी फायरवॉल

फायरवॉलसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी, असा विषय निघाला की लोक वेगाचे आकडे काढून बसतात. मी आधी कुळकथा विचारतो. सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा असल्यामुळे, आपण ज्याच्या भरवशावर रात्री झोपतो त्याचं कूळ माहीत असलेलं बरं, असं माझं मत आहे.

ओपनबीएसडीचं कूळ भांडणातलंच. थिओ द राट हा नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनी त्याला मुख्य गटातून बाहेर काढलं. त्याचा तिखट स्वभाव हे कारण सांगितलं गेलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने कॅनडातल्या कॅलगरीत वेगळी चूल मांडली. जागा कामाची ठरली. तेव्हा अमेरिकेत सांकेतिकीकरणाचं सॉफ्टवेअर निर्यात करण्यावर दारूगोळ्यासारखे निर्बंध होते, कॅनडातून मात्र ते जगभर पाठवता येत होतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००१ चा उन्हाळा. तोवर ओपनबीएसडीत डॅरेन रीडचं आयपीफिल्टर हे फायरवॉल सॉफ्टवेअर होतं. सोर्स कोड सगळ्यांना उघडा, फुकट, चालायलाही उत्तम. मग रीडने परवान्याचा खुलासा केला: पूर्वसंमतीशिवाय बदललेली आवृत्ती वाटता येणार नाही. लेखकाचा तो हक्कच होता. तरी मे अखेरीस द राटने आयपीफिल्टर मुळासकट उपटून टाकलं. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या सिस्टीमच्या चालू कोडमध्ये फायरवॉलच नाही! दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

विचार केला तर त्यात तथ्य होतं. फायरवॉलमध्ये भोक सापडलं तर ते आजच बुजवावं लागतं. दुरुस्त केलेली प्रत वाटायला परवानगीच्या पत्राची वाट बघायची असेल, तर नुसता वाचता येणारा कोड काय कामाचा? ओपन सोर्स म्हणजे ‘फुकट’ असं समजणाऱ्या आमच्याकडच्या खरेदी विभागांना हे सांगताना माझी जीभ झिजली आहे.

स्वित्झर्लंडच्या डॅनिएल हार्टमायरने कोऱ्या पानावरून पीएफ लिहायला घेतलं. २४ जूनला ते कोडमध्ये दाखलही झालं आणि १ डिसेंबर २००१ च्या ३.० आवृत्तीसोबत बाहेर पडलं. नियमांची भाषा जवळजवळ बोलण्यासारखी. एक खोच लक्षात ठेवायची: जुळणारा शेवटचा नियम लागू होतो, ‘क्विक’ लिहिलं असेल तर तिथेच निकाल. पुढे फ्रीबीएसडीने पीएफ घेतलं, आणि त्यावर पीएफसेन्स उभं राहिलं. नावातच कूळ आहे.

२००४ मध्ये ३.५ आवृत्तीत तीच कथा पुन्हा. एक फायरवॉल पडली तर दुसरीने जागा घ्यावी यासाठी व्हीआरआरपी होतं, पण सिस्को त्यावर पेटंटचा दावा सांगत होती. या मंडळींनी स्वतःचं कार्प लिहिलं.

म्हणून फाटकावर मी ओपनबीएसडी बसवतो. दोन यंत्रं, मध्ये कार्प. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की एकेक करून अद्ययावत करायची. आतल्या सर्व्हरवर मात्र डेबियन. डेटाबेसवाल्यांना दर सहा महिन्यांची ही उठाठेव परवडत नाही, आणि त्यांच्याशी भांडायला मी काही द राट नाही.