चिनी संस्कृतीतील ड्रॅगन : पर्जन्यदेवता आणि राजचिन्ह

‘ड्रॅगन’ हा शब्द मराठीत इंग्रजीमार्फत आला आणि त्याबरोबर आग ओकणाऱ्या, वीराने वध करावयाच्या राक्षसी प्राण्याची युरोपीय कल्पनाही आली. चिनी ‘लुंग’ मात्र त्याहून भिन्न आहे. त्याचा संबंध अग्नीशी नसून जलाशी आहे. नद्या, सरोवरे, मेघ आणि पर्जन्य हे त्याचे क्षेत्र होय. बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करताना चिनी पंडितांनी जलाशयात वसणाऱ्या ‘नागा’साठी ‘लुंग’ हाच शब्द योजला. आचार्य नागार्जुनांचे ‘लुंग-शू’ हे चिनी नाव त्याचीच साक्ष देते.

या प्रतीकाची प्राचीनता पुरातत्त्वीय पुराव्यांनी सिद्ध झाली आहे. हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ मध्ये एका नवाश्मयुगीन दफनात मानवी सांगाड्याशेजारी शिंपल्यांनी रचलेली ड्रॅगनची आकृती आढळली. ती सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते.

राजसत्तेने या लोकश्रद्धेचा उपयोग करून घेतला. इ.स.पू. २०२ मध्ये सम्राट झालेला हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग सामान्य शेतकरी कुटुंबातील होता. इतिहासकार सीमा छ्येन याने त्याच्या जन्माची कथा ड्रॅगनशी जोडलेली आढळते. कुलप्रतिष्ठा नसलेल्या राजाला अशा कथेमुळे दैवी अधिष्ठान लाभले. पुढे मिंग व छिंग काळात पाच नख्यांचा ड्रॅगन हे सम्राटाचे खास चिन्ह ठरले.

परंतु या चिन्हाबरोबर उत्तरदायित्वही आले. अवर्षण हे राजाविषयीच्या दैवी अवकृपेचे लक्षण समजले जाई. त्यामुळे बीजिंगनजीकच्या ‘काळ्या ड्रॅगनच्या डोहा’वरील मंदिरात छिंग सम्राट पर्जन्यासाठी प्रार्थना करीत. ग्रामीण भागात तर प्रार्थना निष्फळ ठरल्यास ड्रॅगनराजाची मूर्ती मंदिराबाहेर काढून रखरखत्या उन्हात ठेवली जाई. उन्हाचा दाह देवालाही कळावा, हा त्यामागील हेतू होता. शेतकऱ्याची भक्ती अशी सशर्त होती.

१८८९ मध्ये छिंग राजवटीने आयताकृती पीत ध्वजावर नील ड्रॅगन अंकित करून त्याला राष्ट्रध्वजाचे स्थान दिले. १९१२ मध्ये अखेरच्या सम्राटाने सिंहासन सोडले आणि तो ध्वजही इतिहासजमा झाला. ड्रॅगन मात्र नववर्षाच्या नृत्यांत व नौकास्पर्धांत टिकून राहिला. २००९ मध्ये युनेस्कोने ड्रॅगन नौकोत्सवाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

सारांश, ड्रॅगनला केवळ साम्राज्याचे प्रतीक मानणे अपुरे ठरते. पावसावर अवलंबून असलेल्या कृषिसमाजाने त्याला जन्म दिला. राजसत्तेने त्याचा अंगीकार केला आणि राजसत्ता लोपल्यावरही तो लोकजीवनात उरला.