बिरड्याचा सण

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आमचे आजोबा नगरजवळच्या भिंगारला राहत होते, ऐन विशीत. सप्टेंबर १९३९ मध्ये नगरच्या लष्करी छावणीत जर्मन कैदी यायला लागले. देशभरात जिथे कुठे जर्मन पासपोर्टवाला सापडला, तिथून त्याला उचलून सरकारने इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. पुढे तिबेटवरच्या पुस्तकामुळे जगभर गाजलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांतलाच एक. आजोबांच्या बोलण्यात मात्र दुसरेच लोक असत. म्हणायचे, ‘त्यांच्यात ज्यूसुद्धा होते रे. हिटलरने त्यांना ज्यू म्हणून हाकललं आणि इंग्रजाने जर्मन म्हणून कोंडलं.’

आजोबांचं म्हणणं खरं होतं. जीव वाचवून हिंदुस्थानात आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू युद्ध पुकारल्याबरोबर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मुंबईत १९३४ साली निघालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने त्यांच्यासाठी खटपट केली, चौकशी समिती बसली आणि पुष्कळांची काही महिन्यांत सुटका झाली. काहींना नंतर पुन्हा पुरंदरावर आणि साताऱ्याला नजरकैदेत राहावं लागलं. परत जावं असं घर त्यांतल्या कुणालाच उरलं नव्हतं.

आजीकडे ज्यूंचीच, पण दुसरी गोष्ट होती. तिचं माहेर अलिबाग तालुक्यातलं. तिथे शेजारी बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर होतं, दारात तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ‘आज शनवार, तेलाला जाऊ नको,’ हे आजीला तिच्या आईने लहानपणीच शिकवलेलं.

त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कहाणी आजी रामायणातली गोष्ट सांगावी तशी सांगे. बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली. पोथ्या समुद्राने नेल्या. हिब्रू विसरली, मराठी तोंडात बसली, गावांवरून आडनावं पडली: दिवेकर, पेणकर, राजपूरकर, चेऊलकर, केहीमकर. तरी शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा वाटला.

आणि बिरड्याचा सण पाळला. आजीला एवढंच ठाऊक होतं, की पावसाळ्यात एकदा शेजारी उपास असतो, घर दुखवट्यात असल्यासारखं गप्प असतं आणि वालाचं बिरडं होतं. पुढे मी वाचलं, तेव्हा कळलं की हा जेरुसलेमचं देऊळ पडल्याचा दिवस. एकदा इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या राजाने पाडलं आणि पुन्हा इसवी सन ७० मध्ये रोमनांनी. ज्या नगरीचं नुसतं नाव उरलं होतं, तिचं सुतक कोकणातल्या बाया वाल सोलून पाळत होत्या. माणसं आपला देश कशात जपून ठेवतात, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

परतीचा इतिहासही सरळ नाही. पर्शियाच्या कुरुश राजाने इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमारास बाबिलोनमधल्या ज्यूंना मायदेशी जायची मुभा दिली, तेव्हाही पुष्कळ जण मागेच राहिले. १८९७ साली बाझेलच्या पहिल्या झायोनवादी परिषदेचं बोलावणं आलं, तेव्हा बेने इस्राएलांच्या धुरिणांनी नकार दिला. परत न्यायचं ते देव नेईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९४८ साली इस्राएल उभं राहिलं आणि मग घरंच्या घरं निघाली. त्यांना इथून कुणी हुसकलं नव्हतं. धर्माची ओढ होती, आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टम्समधल्या नोकऱ्यांचं पुढे काय, ही धास्तीही होती. वीसेक हजारांच्या या समाजातले बहुतेक पुढल्या काही दशकांत गेले. आजीच्या शेजाऱ्यांनीही घाणा विकला.

तिथे त्यांना लोण्याचे गोळे मिळाले नाहीत. बीरशेबासारख्या वाळवंटी गावात वसवलेल्या काही कुटुंबांनी कामात आणि घरांत दुजाभाव होतो म्हणून ठिय्या दिला. आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण खरोखरच परत आले, आणि त्यांतले कितीतरी इथे करमेना म्हणून पुन्हा तिकडे गेले. १९६१ नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी आईकडच्या पिढ्या ज्यूच आहेत ना, हे तपासायचा फतवा काढला. शेकडो वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना हे ऐकावं लागलं! ते गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यांची घरवापसी माझ्या लेखी त्या दिवशी पुरी झाली, विमानातून उतरले त्या दिवशी नव्हे.

तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर भारतात बेने इस्राएल जेमतेम चार-पाच हजार उरले होते.

आपण त्यांना कधी छळलं नाही, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण ते गेल्यावर त्यांच्याबद्दल आपण किती लिहून ठेवलं? नगरच्या छावणीतले ते कैदी पाहिलेली माणसं आता जवळजवळ संपली. त्यांच्याकडून ऐकलेली मुलं मात्र अजून आहेत. भिंगारला, नगरला, अलिबागेला तुमच्या घरात असं कुणी सत्तरी-ऐंशीचं असेल, तर त्यांना त्या कैद्यांविषयी, वाड्यातल्या, आळीतल्या इस्राएल शेजाऱ्यांविषयी विचारा, आणि सांगतील ते लिहून घ्या. यंदाच घ्या.