वैद्य, रोगी आणि खुणांची भाषा

आपल्या आयुर्वेदानें रोगपरीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पहिल्या दोहोंस डोळे व हात पुरतात. तिसऱ्यास मात्र विचारणारा आणि सांगणारा या दोघांना समजेल अशी भाषा लागते. ज्याला ऐकूं येत नाहीं, अशा रोग्याला प्रश्न विचारावा कसा? या कोड्याचा इतिहास पॅरिस शहरांत विशेष ठळकपणें दिसून येतो. म्हणून आज आपण तिकडे वळूं.

इ. स. १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मोपदेशकानें तेथें कर्णबधिर मुलांना शिकविण्यास आरंभ केला. मुलांच्या खुणा हीच त्यांची भाषा आहे हें जाणून त्यानें त्या आधीं स्वतः आत्मसात् केल्या आणि त्यांच्या आधारें मुलांना लिहितें-वाचतें केलें. १७८९ सालीं तो वारला. १७९१ सालीं त्याची शाळा राष्ट्राची झाली.

१८०० सालाच्या अखेरीस या संस्थेंत वैद्य म्हणून झां इतार आले. ते मोठे विद्वान. कानाच्या रोगांवरील त्यांचा १८२१ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण त्यांची दृष्टि मुलांवर नव्हे, तर मुलांच्या कानांवर खिळली होती. त्यांनीं विजेचे प्रयोग केले, जळवा लावल्या, कानाचे पडदे भेदले. एक विद्यार्थी या उपचारांनंतर दगावला. वैद्य आणि रोगी एकाच छपराखालीं वर्षानुवर्षें राहिले. परंतु वैद्याला रोग्याची भाषा शिकण्याची निकड भासली नाहीं.

पुढें १८८० सालीं मिलान येथें शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकीं कर्णबधिर अवघा एक! कर्णबधिर मुलांना केवळ वाणीच्या द्वारेंच शिकवावें, असा ठराव तेथें झाला आणि युरोपांतील बहुतेक शाळांतून खुणांची हकालपट्टी झाली. ओठांच्या हालचालींवरून बोलणें समजतें, ही समजूत दृढ झाली. ती किती अपुरी आहे, हें कोणासही घरीं पडताळून पाहतां येईल. आरशासमोर उभें राहून ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे शब्द आवाज न काढतां उच्चारावे. ओठ तिन्ही वेळां सारखेच हालतात. मग औषधाचें नांव आणि प्रमाण ओठांवरून कसें ओळखावें?

या दुराव्याची किंमत विसाव्या शतकाच्या शेवटीं उघड झाली. फ्रान्समध्यें एड्सचा रोग फैलावला तेव्हां तपासणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आहे, असें रोग्यांना सांगण्यांत येई. कित्येक कर्णबधिरांनीं या शब्दाचा अर्थ ‘चांगलें’ असा घेतला! शब्द पोंचला, अर्थ पोंचला नाहीं. १९९५ च्या सुमारास पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत डॉ. झां दाग्रों यांनीं खुणांच्या भाषेंतून रोगी तपासण्यास प्रारंभ केला आणि कर्णबधिर सहकारीही कामावर घेण्यांत आले. अशीं केंद्रें इतरत्रही निघालीं. २००७ सालीं सरकारनें त्यांची पद्धति परिपत्रकानें निश्चित केली.

अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील वैद्यकीय विद्यालयानें याहून नवलाची युक्ति काढली. तेथें नवे विद्यार्थी रोगी होतात, आणि कर्णबधिर नागरिक डॉक्टर, परिचारिका व औषध देणारे होतात. तोंडानें बोलावयाचें नाहीं. आपलें दुखणें समोरच्याला कळत नाहीं, आपली पाळी आली कीं काय हें आपल्याला कळत नाहीं, या असहायतेचा अनुभव घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो.

अशा शिक्षणांतून अंगवळणी पडावयाच्या गोष्टी तशा साध्याच आहेत: उजेडांत, रोग्याकडे तोंड करून बोलावें, तोंड झांकूं नये, दुभाषी असला तरी नजर रोग्याकडेच ठेवावी, रोग्याच्या लहान मुलाला दुभाषी करूं नये, आणि रोग्यानें नुसती मान डोलावली म्हणजे त्याला समजलें, असें मानूं नये. त्याच्याकडूनच तें पुन्हां वदवून किंवा लिहवून घ्यावें.

आपल्या देशांत भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं व शिक्षणासाठीं दिल्लीस २०१५ सालीं केंद्र स्थापन झालें आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें रुग्णालयांत अडथळारहित प्रवेशाची तरतूद केली. पण दाराशीं उतरता चौथरा बांधला म्हणजे सर्व अडथळे गेले असें नव्हे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्याला आपण कशास संमति देत आहों हें कळलें नाहीं, तर ती संमति कसली? इतारांना विद्या कमी नव्हती. उणीव होती ती रोग्याकडून शिकण्याच्या तयारीची. ती तयारी प्रत्येक रुग्णालयानें जाणीवपूर्वक शिकविली, तरच ‘प्रश्न’ हें तिसरें साधन सर्वांसाठीं सार्थ होईल.