अनेक साक्षींचें एक चित्र

इतिहास म्हणजे जुनीं दप्तरें व बखरी यांचाच व्यवहार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सदोष अशा अनेक साक्षी समोर ठेवून त्यांतून एक विश्वसनीय वृत्त उभें करणें हें जर इतिहासकाराचें कार्य असेल, तर तें कार्य गेल्या तीस वर्षांत ज्योतिर्विदांनींही केलें आहे. त्याची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. कारण तींत इतिहासाच्या अभ्यासकांनीं घेण्याजोगें पुष्कळ आहे.

‘हबल’ नांवाची दुर्बीण १९९० च्या एप्रिलांत पृथ्वीभोंवतीं फिरती ठेवण्यांत आली. तिच्या मुख्य आरशाच्या आकारांत चूक राहिली होती. तिचें निवारण १९९३ च्या डिसेंबरांत अंतराळवीरांनीं वर जाऊन केलें. पुढें बाल्टिमोर येथील अवकाश-दुर्बीण विज्ञानसंस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनीं आपल्या अधिकारांतील निरीक्षणकाळ एका साहसास लाविला. सप्तर्षींच्या परिसरांतील जवळजवळ रिकामा दिसणारा एक चिमुकला तुकडा निवडून १८ ते २८ डिसेंबर १९९५ या अवधींत दुर्बीण त्याजकडेच रोखून धरली. कांहीं न दिसतें तर मोलाचा वेळ फुकट जाता, आणि तसें होईल असें म्हणणारे जाणतेही होते. प्रत्यक्षांत तेथें सुमारें तीन हजार दीर्घिका आढळल्या.

मात्र हें चित्र एका दृष्टिक्षेपांत मिळालेलें नाहीं. तें ३४२ निरनिराळ्या छायाचित्रांपासून बनलें आहे, आणि त्यांतील एकही निर्दोष नव्हतें. विश्वकिरणांचे कण कॅमेऱ्यावर आदळून ताऱ्यांसारखे खोटे ठिपके उमटवीत. शिवाय कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चौकटी, ज्यांस पिक्सेल म्हणतात, त्या आरशाच्या मानानें जाड्याभरड्या होत्या. आरसा जी बारकाई दाखवी, ती या जाळींतून निसटून जाई. यास्तव दुर्बीण मधून मधून किंचित् सरकविण्यांत आली. त्यामुळें तीच दीर्घिका निरनिराळ्या चित्रांत चौकटीच्या निरनिराळ्या भागीं पडली, व एका साक्षीदारानें जें गाळलें तें दुसऱ्यानें टिपलें.

आतां या साक्षी जुळवावयाच्या कशा? अँड्र्यू फ्रुक्टर व रिचर्ड हुक यांनीं यासाठीं जी रीत बसविली, तिला त्यांनीं ‘ड्रिझल’, म्हणजे झिमझिम पाऊस, असें नांव दिलें. प्रत्येक मूळ चौकट आकसून तिचा जणूं थेंब करावयाचा. चित्राचें सरकणें, फिरणें व वांकडेपणा हिशेबांत घेऊन तो थेंब नव्या, अधिक बारीक जाळीवर टाकावयाचा. आणि ज्या ज्या घरावर तो पडेल त्यास वांट्याप्रमाणें प्रकाश द्यावयाचा. मूळ चौकट बहुतांशीं एका विकलेचा दशांश होती. जुळविलेल्या चित्रांत ती ०·०४ विकला झाली. खोटे ठिपके ओळखण्याची जी युक्ति या रीतीस जोडण्यांत आली, ती तर पोथ्यांच्या पाठचिकित्सेसारखीच आहे. सर्व चित्रांचा मध्यक काढून तो प्रत्येक मूळ चित्राच्या जाळीवर परत उतरवावयाचा व दोन्ही ताडून पाहावयाचीं. एकाच पोथींत आढळणारा विचित्र पाठ जसा बहुधा लेखकूचा प्रमाद ठरतो, तसा एकाच चित्रांत चमकणारा तारा खोटा ठरतो.

हें काम चित्रावर कुंचला फिरवून होत नाहीं. संगणकापुढें बसून एकेक आज्ञा अक्षरांनीं लिहावी लागे: अमुक फाइल घे, इतकी सरकव, थेंब इतका लहान कर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वेधशाळेंत तयार झालेली ‘आयरॅफ’ नांवाची प्रणाली त्या काळीं यासाठीं प्रचारांत होती. काम रुक्ष खरें. पण लिहिलेली आज्ञा जपून ठेवितां येते, तशी हाताची करामत ठेवितां येत नाहीं. याहून आम्हांस मौज वाटली ती फाइलींच्या घडणीची. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ नांवाच्या प्रकारांत चित्राच्या माथीं ८० अक्षरी ओळींचें टिपण असतें, आणि त्यांतील कांहीं ओळींचा आरंभच ‘हिस्टरी’ या शब्दानें होतो. त्या चित्रावर कोणकोणते संस्कार झाले, तें तेथें नोंदावयाचें. आपला इतिहास असा कपाळीं घेऊन येणारा कागद आम्हीं दप्तरखान्यांत क्वचितच पाहिला आहे.

कोणी म्हणेल, जुळविलेलें चित्र खरें कसें? आक्षेप पोकळ नाहीं. कोणत्या साक्षीस किती वजन द्यावयाचें व कोणती त्याज्य मानावयाची, हें अखेर माणूसच ठरवितो. ड्रिझलच्या रीतींत शेजारशेजारच्या घरांतील चुका एकमेकींशीं निगडित होतात, व त्यामुळें चित्र आहे त्याहून स्वच्छ भासतें. परंतु ही उणीव कर्त्यांनीं स्वतःच सांगून ठेविली आहे. आणि १९९६ च्या जानेवारींत चित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याच्या फाइलीही सर्व अभ्यासकांस खुल्या झाल्या. ज्यास शंका असेल त्यानें स्वतः जुळवून पाहावें.

या उदारपणाचें फळ पुढें दिसलें. दक्षिण आकाशांतील दुसऱ्या एका तुकड्याचें २००३-०४ सालीं ८०० छायाचित्रांवरून चित्र सिद्ध झालें. २०१२ सालीं त्याच जागेचीं दहा वर्षांचीं छायाचित्रें जुळवून त्याहून खोल चित्र निघालें. आणि २०१९ सालीं भोंवतालच्या प्रदेशाचीं सोळा वर्षांतील सुमारें साडेसात हजार छायाचित्रें एकत्र करून सुमारें २,६५,००० दीर्घिका दाखविण्यांत आल्या. जुन्या साक्षी जपल्या, म्हणून हा नवा निर्णय शक्य झाला.

आपल्याकडे ग्रंथ छापून झाला कीं त्याचीं साधनें कपाटांत, व कालांतरानें रद्दींत जातात. या दोषांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. आपलें काम उद्यां कोणी नव्यानें जुळवून पाहील, अशा बेतानें जो साधनें मागें ठेवितो, त्याच्या चुकाही पुढीलांच्या उपयोगीं पडतात.