‘सैराट’ ते ‘धडक’: एका गोष्टीचा प्रवास

२०१८ च्या उन्हाळ्यात आमची इथेच वाढलेली मुलगी मैत्रिणींबरोबर ‘धडक’ पाहून आली आणि तिने विचारलं, "बाबा, त्या मुलात वाईट काय होतं? त्याच्या वडिलांचं तर चांगलं हॉटेल आहे!" मला चटकन उत्तर देता येईना. मंडळी, ते उत्तर हिंदी चित्रपटात जेमतेमच होतं. दोन वर्षं आधीच्या मूळ मराठी चित्रपटात मात्र ते पूर्ण होतं.

नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आणि ‘फँड्री’ यांच्यानंतर त्यांनी ‘सैराट’ केला तो आपल्याच मुलखात, सुमारे ४ कोटी रुपयांत. नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी. नायक आकाश ठोसरही नवखा. पाटलांची आर्ची बुलेट चालवते, परशा मासेमाराचा मुलगा. दोघांच्या मध्ये जात उभी आहे, हे तिकडच्या प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला आणि १०० कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला.

कमी खर्च म्हणजे कंजुषी नव्हे. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला झालं. जिथे हवा तिथे पैसा ओतला. शेवटी मात्र सगळे आवाज बंद करून फक्त रक्ताने माखलेल्या पावलांनी चालणारं लहान मूल दाखवलं. त्या शांततेला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

यशापाठोपाठ २०१७ मध्ये कन्नड आणि पंजाबी आवृत्त्या आल्या. कन्नडमध्ये नायिका रिंकूच होती. २० जुलै २०१८ ला धर्मा प्रॉडक्शन्स आणि झी स्टुडिओजचा ‘धडक’ आला. करमाळ्याचं उदयपूर झालं, हैदराबादचं कोलकाता. नायिका श्रीदेवींची कन्या जान्हवी कपूर. संगीतकार तेच, ‘झिंगाट’ही हिंदीत आलं. चित्रपट चाललाही. पण परशाच्या जागी आलेला मधुकर हॉटेलवाल्याचा मुलगा झाला, जातीचा उल्लेख ओझरता उरला आणि भांडण घराण्याच्या इभ्रतीचं, राजकारणाचं झालं. ‘सैराट’मध्ये दोघंही मारली जातात, मूल उरतं, ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जातात, नायिका उरते. धक्का बसतो, पण कशापायी मारलं ते धूसरच राहतं.

म्हणून रिमेक वाईटच, असंही नाही. त्याच धर्मा प्रॉडक्शन्सने २०२५ मध्ये ‘धडक २’ काढला. तो मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावर बेतलेला, आणि त्यात जातीबद्दल उघड बोललं गेलं. म्हणजे मोठ्या कंपनीला ते जमत नाही असं नव्हे. गोष्ट उचलताना तिच्या मुळाशी असलेला सल टाकून द्यायचा नाही, एवढंच.

त्या शनिवारी आम्ही मुलीला ‘सैराट’ दाखवला, इंग्रजी उपशीर्षकांसह. संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असं आपल्याकडेही होतं? म्हणजे, आपल्या घरी?" तिच्या आजोबांच्या गावातल्या वेगळ्या पाणवठ्याची गोष्ट मी तिला त्या रात्री पहिल्यांदा सांगितली.