वारा पडल्यावर काय? गलबताच्या वल्ह्यांपासून विजेच्या मोटरीपर्यंत

१/ शिडाच्या जहाजाला शत्रूइतकेच भय पडलेल्या वाऱ्याचे असे. वारा थांबला की तोफा, दारूगोळा, माणसे सारे जागच्या जागी खिळून राही. अठराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराकडे या संकटावर उत्तर होते. आजच्या तरंगत्या घरांनाही ते उत्तर शिकण्यासारखे आहे.

२/ या आरमाराची मुख्य जहाजे दोन प्रकारची. गुराब मोठी: दोन किंवा तीन डोलकाठ्या, उथळ तळ आणि नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान: शीड होतेच, शिवाय ४० ते ५० वल्ही. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या नोंदीनुसार गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे आणि वल्ह्यांच्या बळावर ताशी सुमारे ४ मैल चाले.

३/ वारा पडला की गलबते दोर बांधून गुराबांना ओढून नेत. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडी उघडी. ते जहाज वाऱ्याअभावी वळू शकत नसताना गुराब मात्र त्याच्या पिछाडीला हव्या त्या जागी जाऊन उभी राही. वल्ह्यांचा वेग अल्प होता, पण शत्रूचा वेग त्या वेळी शून्य होता.

४/ आता तरंगत्या घरांकडे वळू. काश्मीरचा डूंगा आणि केरळचे तांदूळ वाहणारे केट्टुवळ्ळम ही दोन्ही लांब काठीने तळाला रेटा देऊन चालत. १९९० च्या दशकात केट्टुवळ्ळमच्या हाउसबोटी झाल्या आणि काठीची जागा इंजिनाने घेतली. सोय वाढली, पण इंजिन बंद पडले की दुसरा उपाय उरला नाही. खोल पाण्यात काठी तळाला पोहोचतही नाही.

५/ विजेवर नाव चालवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १८३८ मध्ये मॉरिट्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत सुमारे डझनभर माणसे बसवून विजेची नाव चालवली. १८८१ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत गुस्ताव्ह त्रूव्हे याने सुकाणूलाच मोटर जोडली आणि ती काढता-घालता येईल अशी केली. नावेच्या मागे अडकवायच्या मोटरीचा तो पूर्वज होय.

६/ मग ती मागे का पडली? कारण बॅटरीचे वजन. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज मावते आणि तिचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. वेगवान नावेला हा बोजा जड. तरंगत्या घराला तो जाचत नाही. तळाशी ठेवलेले वजन त्याला उलट स्थैर्य देते.

७/ दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे संथपणा. मंद गतीत पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि लागणारी शक्ती घनाप्रमाणे वाढते. वेग निम्मा केला की एक-अष्टमांश शक्ती पुरते. म्हणूनच लहानशी मोटर जड घराला धक्क्यापर्यंत आणू शकते.

८/ परंतु वाऱ्यापुढे तिचे बळ तोकडे आहे. १० मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीवर ताशी ३६ किमीचा वारा आडवा आला तर सुमारे १८० किलोचा रेटा बसतो. लहान मोटरीचा रेटा २५ किलोच्या आसपास. वारा ताशी १२ किमीवर उतरला की हाच रेटा सुमारे २० किलोवर येतो आणि मोटर जेमतेम पुरी पडते. वादळात भरवसा नांगरावरच ठेवायचा. नांगर टाकायला आणि वारा ओसरल्यावर हलायला मोटर कामी येते.

९/ आंग्र्यांच्या व्यवस्थेचे मर्म येथेच आहे. गलबत हे गुराबेचा भाग नव्हते. ते वेगळे जहाज होते, त्याचे बळ वेगळे होते. गुराबेची शिडे निकामी झाली तरी वल्ही शाबूत राहत. घरातील दिवे आणि पंखे ज्या बॅटरीवर चालतात, तिच्यावरच आणीबाणीची मोटर जोडली, तर घर अंधारात बुडेल त्याच क्षणी मोटरही थांबेल. तिची बॅटरी स्वतंत्र हवी आणि सदैव भरलेली हवी. मूळ साधनाबरोबरच जो बुडतो, त्याला आधार म्हणता येत नाही.